चुन्याची फुली

आमच्या घरात वस्तूंचे तीन वर्ग होते: चालू, दुरुस्ती आणि कंडम. हे शब्द आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, देहूरोडच्या लष्करी डेपोतून आणले होते. तिथे ते स्टोअरमध्ये कामाला होते. उघडलेल्या गाड्यांचे सुटे भाग त्यांच्यासमोर यायचे, आणि प्रत्येकाला त्या तीनपैकी एक चिठ्ठी बांधून पुढे पाठवायचं हे त्यांचं काम. आठवडाभर ते तिकडेच राहायचे. शनिवारी संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन, चहा पिऊन झाला की त्यांची नजर घरावरून फिरायला लागायची. कंदिलाची काच दुरुस्ती. मागच्या दाराची छत्री कंडम. पोहऱ्याचा दोर चालू, पण गाठीपाशी लक्ष ठेवा. आई एकदा तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणाली, "मला कशात धरलंय ते बी सांगा." आप्पा म्हणाले, "तू स्टोअरकीपर. तुला चिठ्ठी बांधायची कुणाची छाती हाय?" मला याद्या करण्याची सवय लागली ती तिथेच. आजही माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक वही दोरीने टांगलेली असते. सुना तिला हसतात. हसू देत. गॅसचा रबरी पाइप कधी बदलला हे त्यांना वहीत बघूनच कळतं.

गिरणी गावाच्या कडेला होती, कुसगावकडे जाणारी वाट जिथे फुटते तिथे. पत्र्याची शेड, आत एका बाजूला पिठाची जाती, दुसऱ्या बाजूला भात सडायचं यंत्र, आणि मधोमध, सिमेंटच्या ओट्यावर, हिरव्या रंगाचं ऑइल इंजिन. धुराच्या नळीवर एक पत्र्याचा डबा उपडा बसवलेला होता. त्यातून पुक-पुक असा आवाज निघायचा आणि तो वरच्या वाडीपर्यंत पोचायचा. वाडीवरची माणसं तो आवाज ऐकूनच डोक्यावर नाचणीचं गठुडं घेऊन उतरायला लागायची. आवाज नसला तर उतरायची नाहीत. त्यामुळे आमच्याकडे कुणी "गिरणी चालू आहे का" असं विचारत नसे.

ही गिरणी पारूआत्या चालवायची. आत्या आप्पांची धाकटी बहीण. लग्न होऊन दोन वर्षांत ती परत आली होती. मूल झालं नाही, एवढंच कारण. तिचा नवरा कारखान्यात कामाला होता, आणि तिला आमच्या ओसरीवर सोडून जाताना आजोबांसमोर तो जो शब्द बोलला तो हाच, कंडम. त्याला तो कारखान्यात मिळाला असणार, जसा आप्पांना डेपोत मिळाला. मी तेव्हा लहान होते, मला हे पुढे आईकडून कळलं. आत्यासमोर आप्पा तो शब्द जपून वापरायचे, पण सवयीने तोंडातून निघून जायचा आणि मग ते उगाच खोकायचे. पट्टा चढवणं, जात्याला छिन्नीने टाकी लावणं, इंजिनाला हँडल मारणं, सगळं आत्या स्वतः करायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा भुवयांवर पीठ, पदराला डिझेलचा वास, आणि ओच्यात आंबेमोहोराच्या मूठभर कण्या. त्या कण्यांची पेज आई करायची, वर तुपाचा थेंब आणि बाजूला लसणीची चटणी. पुढे मी पुष्कळ चांगलं खाल्लं, पण त्या पेजेच्या जवळ येणारं काही अजून भेटलेलं नाही.

मी मॅट्रिक होऊन एक वर्ष झालं होतं. पुढे काय करायचं हे ठरत नव्हतं, म्हणून मी गिरणीत आत्याबरोबर उभी राहायचे. पितृपंधरवड्यात पिठाला फार गर्दी असते. त्याच गर्दीत, भर दुपारी, इंजिनाचा आवाज जड झाला. आत्याच्या ते आधी लक्षात आलं. ती धान्याच्या सुपावरून मान वर करून म्हणाली, "सुमे, ह्याला काय झालं?" मी पाण्याच्या टाकीकडे धावले, तेवढ्यात आतून करवतीसारखा एक आवाज निघाला, पट्टा उडून भिंतीवर आपटला आणि चाक जागच्या जागी थांबलं. एवढं मोठं लोखंडी चाक, जे बंद केल्यावरही कितीतरी वेळ फिरत राहायचं, ते कुणी मनगट धरावं तसं थांबलं. टाकीतून इंजिनाला गार पाणी नेणाऱ्या नळीत पोत्याच्या सुतळीचा गोळा अडकला होता. पाणी पोचलं नाही, पिस्टन तापून फुगला आणि आतल्या भिंतीला चिकटून बसला. पिस्टन धरला, असं मिस्त्री लोक म्हणतात.

लोणावळ्याहून शिवराम मिस्त्री आले. ते रेल्वेच्या शेडमधून रिटायर झालेले, आणि तालुक्यात त्यांचा मान मोठा होता. त्यांनी शनिवारी इंजिन पूर्ण खोललं, सगळे भाग रॉकेलमध्ये धुतले, गिरणीच्या ओसरीत पोती अंथरून त्यांवर मांडले आणि गेले. मिस्त्री हुशार होते यात शंका नाही. पण त्यांची घडण लढाईच्या काळातली. तेव्हा नवीन भाग मिळायचेच नाहीत, जुनंच घासून बसवायचं, आणि त्यातच त्यांची कीर्ती झाली होती. "नवीन काय, कुणी पण बसवतंय," असं ते नेहमी म्हणायचे. आप्पांचं म्हणणं असं की मिस्त्री दोन प्रकारचे. एकाला सगळं नवं लागतं, दुसऱ्याला सगळं जुनं चालतं, आणि दोघंही भागाकडे न बघता आपल्या स्वभावाकडे बघून ठरवतात. म्हणून रविवारी आप्पा आणि मी त्या पोत्यांपाशी बसलो.

सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही बसलो होतो. आप्पा एकेक भाग हातात घ्यायचे, नखाने चाचपायचे, उजेडाकडे धरायचे, आणि मी वहीत लिहायचे. पिस्टनवर एवढे ओरखडे होते की बघायची गरजच नव्हती. लायनर, म्हणजे ती आतली भिंत, रिंगा, बुश हेही तसेच. चाक फिरवणाऱ्या क्रँकवर नख फिरवलं तर कुठे अडत नव्हतं, ती चालू. पिस्टन आणि क्रँक जोडणारा कनेक्टिंग रॉड सरळ, चालू. हेड, काजळी साफ करून, चालू. चिठ्ठ्या बांधायला दोरे नव्हते, आणि तेलकट लोखंडावर खडू टिकत नाही. तेव्हा मी युक्ती काढली. घ्यायचा त्या भागावर ओल्या हळदीचा ठिपका, आणि कंडम भागावर आत्याच्या पानाच्या डबीतल्या चुन्याची फुली. आप्पा खूश झाले. आत्या दारातून बघत होती. ती म्हणाली, "माजा चुना संपवू नकोस," आणि आत गेली. तिचं तेवढंच बोलणं मी ऐकलं. तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि माझ्या युक्तीवर मीच भाळले होते.

राहिले दोन बोल्ट. कनेक्टिंग रॉडचा खालचा जबडा क्रँकला धरून ठेवतात ते. जाडजूड, चकचकीत, कुठे ओरखडा नाही. मी हळदीचं बोट उचललं तर आप्पांनी माझं मनगट धरलं. त्यांनी नट उचलला आणि फक्त दोन बोटांनी बोल्टावर फिरवायला लागले. चार आटे सुळसुळ गेला. पाचव्यावर अडला. दुसऱ्या बोल्टावरही तसंच. आप्पा म्हणाले, "ताणलाय. डोळ्याला दिसत न्हाई, पर आटं लांबल्यात. पिस्टन धरला तवा सगळा हिसका ह्या दोघांनी खाल्ला. आता हे पुन्यांदा घातलं तर कवा तुटतील सांगता येत न्हाई." मी विचारलं, तुटले तर काय होतं? त्यांनी डेपोत बघितलेलं एक इंजिन सांगितलं. रॉड सुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता आणि लोखंडात जेवणाच्या ताटाएवढं भोक पडलं होतं. मी शेडकडे बघितलं. आत्या हँडल मारून जिथे उभी राहते ती जागा त्या भिंतीसमोरच, हातभर अंतरावर होती. मी दोन्ही बोल्टांच्या डोक्यांवर चुन्याची फुली मारली, ठसठशीत.

सोमवारी मी लोणावळ्याला जाऊन मिस्त्रींना हळद आणि चुना समजावून सांगितलं. ते दात कोरत ऐकत होते. म्हणाले, "रेल्वेत एवढी वर्षं काढली, पण इंजिनाचं हळदीकुंकू नव्हतं केलं कधी." पुढच्या शनिवारी आप्पांनी पुण्याहून नवे भाग आणले. मोठे भाग शेडमधल्या फळीवर ठेवले, आणि बोल्ट-नटांची खाकी पुडी, हरवू नये म्हणून, मी तिथल्याच पत्र्याच्या पेटीत ठेवली. दसऱ्याला इंजिन जोडायचं ठरलं. आप्पांना त्या दिवशी ड्यूटी होती.

आता खंडेनवमी. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा. कोयता, विळे, नांगराचा फाळ, जात्याला टाकी लावायची छिन्नी, इंजिनाचं हँडल आणि पाने, हे दरवर्षी पाटावर बसायचे. त्या वर्षी इंजिनच सुटं झालेलं, म्हणून आत्याने त्याचे सगळे भाग पूजेला घेतले. मी आईबरोबर चुलीपाशी होते. संध्याकाळी जाऊन नमस्कार केला तेव्हा सगळं झेंडूच्या फुलांनी झाकलेलं होतं. वही माझ्याजवळ होती. पूजा उतरल्यावर ती घेऊन भाग पुन्हा ताडून बघायला हवे होते. मी बघितले नाहीत. ही चूक माझी, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी आईबरोबर शेतावर गेले, दाराच्या तोरणात ओवायला भाताच्या लोंब्या आणायला. परत आलो तोवर मिस्त्री येऊन इंजिन जोडून मोकळे झाले होते. ओट्यावर नारळ फुटला होता. दारात सात-आठ माणसं पोती घेऊन बसलेली. त्यांत वाडीवरचे धोंडूआबा, सत्तरीचे, नाचणीचं गठुडं मांडीवर घेऊन. आवाज नसतानाही ते उतरले होते, कारण आज चालू होणार असं कुणीतरी सांगितलं होतं. आत्या पदर खोचून हँडलकडे निघालेली.

मला एक सवय आहे. काम झालं असं कुणी म्हटलं की मी उरलेल्या वस्तू मोजते. कोपऱ्यात टाकून दिलेल्या भागांचा ढीग होता. पिस्टन, लायनर, रिंगा, बुश. सगळ्यांवर पिवळी हळद आणि कुंकवाचा टिळा, फुली एकावरही नाही. आणि बोल्ट ढिगात नव्हते. मी पेटी उघडली. खाकी पुडी दोऱ्याच्या गाठीसकट होती तशी होती.

मी आत्याच्या आधी इंजिनापाशी पोचले, हँडल उपसून काढलं आणि ते मांडीवर घेऊन शेडच्या उंबऱ्यावर बसले. मिस्त्रींना म्हटलं, जुने बोल्ट आत गेलेत, झाकण उघडा.

मिस्त्री आधी हसले. मग म्हणाले की तुझी हळद सगळ्यांवरच होती, मेलेल्या पिस्टनवरसुद्धा, तेव्हा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी ठरवलं. बोल्ट अव्वल आहेत. मी म्हटलं, नट अडतोय. ते म्हणाले, पान्याने कसला तेव्हा बसला की. मी म्हटलं, पान्याने काहीही बसतं. इथे त्यांचं हसू गेलं. पोत्यांवर बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "दसऱ्याला कुणी जोडलेलं इंजिन उघडतं व्हय?" दुसरा म्हणाला, मॅट्रिक झाली ना, आता इंजिनाचा पेपर तपासणार. धोंडूआबा एवढंच म्हणाले, "पोरी, डोंगर उतरून आलोय मी." त्या एका वाक्याने मात्र मला लाज वाटली. बाकीच्यांनी वाटली नाही.

"सुमन, ते हँडल इकडं दे," मिस्त्री म्हणाले. "मी इंजिनं जोडायला लागलो तेव्हा तुझा बाप शाळेत होता. वहीवर इंजिन चालत नसतं."

"मिस्त्रीकाका, बोल्ट तुटला तर तुम्ही लोणावळ्यात असाल," मी म्हटलं. "त्याच्यासमोर आत्या उभी असते. हँडल नाही मिळणार."

आत जायचं तर मला ओलांडून जावं लागलं असतं, आणि दसऱ्याच्या दिवशी उंबऱ्यावर बसलेल्या पोरीला ओलांडायला कुणी धजत नव्हतं. एवढा रिवाज माझ्या कामी आला. आई मागे लोंब्यांचा भारा घेऊन उभी होती. तिने मला ऊठ म्हटलं नाही. सगळे आत्याकडे बघायला लागले, कारण गिरणी तिची होती.

आत्याने माझ्याकडे बघितलं, मग त्या ढिगाकडे. म्हणाली, "मिस्त्री, उघडा."

"पारूबाई, नारळ फुटलाय."

"दुसरा फोडू. घरात हाय."

मिस्त्रींनी बाजूचं झाकण काढलं. राग त्यांच्या पान्याच्या खणखणाटात ऐकू येत होता. चाक हाताने फिरवून त्यांनी रॉडचा जबडा वर आणला, बोल्ट सोडवला आणि बाहेर काढून तळहातावर धरला. मी उठून जवळ गेले. बोल्टाच्या डोक्यावर हळद होती, आणि त्या पिवळ्या हळदीत लालभडक फुली उमटली होती, मी मारली होती तेवढीच, तशीच. दुसरा निघाला, त्यावरही.

हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मिस्त्रींना ती जोडताना दिसली होती, पण त्यांना ते कुंकू वाटलं. आता मात्र त्यांनी आत्याकडे बघितलं, मीही बघितलं.

"मी पुसल्या," आत्या म्हणाली. "सगळ्या फुल्या मीच पुसल्या. नीट निघाल्या न्हाईत वाटतं." तिने पदराने कपाळ पुसलं. "पूजेला बसलेल्याच्या डोक्यावर कंडमची फुली. मला न्हाई बघवलं. म्हटलं एक दिवस तरी सगळ्यांना सारकी हळद लागू दे. बोल्टांचं मला ठावं नव्हतं."

त्या दारातल्या प्रत्येकाला तिची गोष्ट माहीत होती. मिस्त्रींनी नट घेतला, दोन बोटांनी बोल्टावर फिरवला. एक, दोन, तीन, चार. अडला. त्यांनी उलटा फिरवून पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तिथेच. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी बोल्ट पुसला, उजेडाकडे धरला, आणि बराच वेळ बघत राहिले. म्हातारा माणूस, पण खोटं बोलला नाही. बोल्ट धोंडूआबांच्या हातात देऊन म्हणाले, "आबा, फिरवून बघा. मला डोळ्यानं कळलं नाही." मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "पुडी आण."

नव्या बोल्टांवर नट कसा पाण्यासारखा गेला ते मी विसरणार नाही. झाकण बसलं. दुसरा नारळ फुटला. मी हँडल आत्याच्या हातात दिलं. तिने तीन वळसे मारले आणि इंजिन एकदा खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. उपड्या डब्यातून पुक-पुक सुरू झालं. पहिलं दळण धोंडूआबांचं.

परवा उर्शाच्या टोलनाक्यावर आमची गाडी रांगेत अडकली होती. शेजारच्या ट्रकचं इंजिन उघडून दोन मेकॅनिक वाद घालत होते, जुने बोल्ट ठेवायचे की बदलायचे. मुलगा म्हणाला, आई, तू उतरू नकोस. मी उतरले. त्यांना दोन बोटांनी नट फिरवायला सांगितलं. एकजण हसला. फिरवला मात्र त्याने.

त्या दसऱ्याच्या संध्याकाळी मी शेडमध्ये बसून वही पुरी केली. सोनं वाटून झालं होतं, आत्या झाडलोट करत होती. तिने ते दोन जुने बोल्ट ढिगातून उचलून आणले. गिरणीच्या दाराचा अडसर कधीचा मोडला होता, रात्री दोरीने दार बांधावं लागायचं. तिने एक बोल्ट वरच्या कोयंड्यात घालून बघितला, एक खालच्या. दोन्ही चपखल बसले. दार हलवून बघितलं, हललं नाही. मग माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिला अक्षरं लावत लावत वाचता यायचं.

"काय लिवलंस त्यांच्याफुडं?"

"कंडम," मी म्हटलं. "आणि आत्या, हे मी पुसणार नाही. इंजिनाला ते कंडमच आहेत."

मला वाटलं ती रागावेल. ती वहीवर वाकली, पिठाचं बोट त्या शब्दावर ठेवलं आणि म्हणाली, "नगं पुसू. फकस्त फुडचं बी लिव."

वही माझ्याकडे आहे. पिठाचा डाग आहे, आणि ओळ अशी आहे: जुने बोल्ट, नग दोन. इंजिनाला कंडम. दाराला चालू.